मदत हवी आहे: आर्मर्ड कोअर ६ मधला बाल्टियस हरत नाहीये
फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०२३ मधला आर्मर्ड कोअर ६ हा रोबोटच्या लढायांचा व्हिडिओ गेम खेळतोय. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी बाल्टियस या बॉसपाशी (मोठ्या शत्रूपाशी) गाडी अडलीये. पल्स गनने त्याचं कवच फुटतं, पण तोवर गन तापून बंद पडते आणि वरून मिसाईलचा पाऊस! मग तो स्टॅगर झाला (मार खाऊन क्षणभर थिजला) तरी हाणायला जड शस्त्रच हाताशी नसतं. खांद्यावर काय लावता तुम्ही? मिसाईल चुकवायला पुढे घुसायचं की बाजूला सरकायचं? दोन पायांचा हलका रोबोट ठेवू की टँकचे पाय लावू? (टँक दिसायला भिकार वाटतो, पण जिंकायचंय.) १९९७ च्या पहिल्या भागापासून खेळणारं कुणी असेल तर तेही सांगा, तिथेही सुरुवातीलाच एवढा छळ होता का?