पिऱ्हस जिंकूनही हरला, मग रोमकडे माणसं येत कुठून होती?

प्रश्न: एपिरसचा ग्रीक राजा पिऱ्हस रोमशी लढायला इटलीत आला. त्याने इ.स.पू. 280 आणि 279 च्या दोन्ही मोठ्या लढाया मारल्या, तरी 275 नंतर गाशा गुंडाळला. रोमची फौज संपत कशी नव्हती?

उत्तर १: मूळ इ.स.पू. 338 च्या तडजोडीत आहे. लॅटिन संघ (शेजारच्या लॅटिन गावांची युती) मोडून रोमने प्रत्येक गावाशी वेगळा करार केला. लानुवियमला पूर्ण नागरिकत्व, कापुआला मताधिकाराविना. बाकीचे 'मित्र'. मित्रांकडून खंडणी नाही, सैनिक घ्यायचे. म्हणजे हरलेला शत्रू पुढच्या मोहिमेत तुमच्याच रांगेत! खरी मेख हीच.

उत्तर २: त्यात वसाहती धरा. 334 मध्ये कालेसला 2,500 जण जमिनी देऊन बसवले, कांपानियाच्या तोंडावर. 312 मध्ये रोमपासून कापुआपर्यंतच्या आप्पियन रस्त्याचं काम सुरू झालं, सुमारे 195 किमी.

उत्तर ३: लष्कर अजिंक्य होतं हे मात्र डोक्यातून काढा. 321 मध्ये कॉडियमच्या खिंडीत दोन्ही कॉन्सल (रोमचे वर्षासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी) सैन्यासकट अडकले आणि शरण गेले.

प्रश्नकर्ता: मित्र कधी फुटले नाहीत?

उत्तर १: फुटले की. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबलने रोमला हरवलं, त्यानंतर कापुआ त्याच्याकडे गेलं, 211 मध्ये रोमने परत घेतलं. कालेससारख्या लॅटिन वसाहती मात्र रोमशी टिकून राहिल्या. 209 मध्ये तीसपैकी बारांनी माणसं द्यायला नकार दिला, पण हॅनिबलला मिळाल्या नाहीत.