मदत हवी आहे : शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तीच्या गुणांवर आधारलेले पुनर्वसन

सर्वांना नमस्कार. आम्ही चौघे जण बडोद्यात दांडिया बाजारातील एका लहानशा मराठी वाचनालयाचे काम पाहतो. शिक्षा भोगून आलेले एक गृहस्थ गेल्या महिन्यापासून तेथे जुनी पुस्तके बांधून देतात. तुरुंगात शिकलेली त्यांची शिवण इतकी सफाईदार आहे, की पूर्वी कोपराने दाबून धरावा लागणारा आमचा शब्दकोश आता टेबलावर सपाट उघडा राहतो.

न्यूझीलंडचे मानसशास्त्रज्ञ टोनी वॉर्ड यांच्या ‘गुड लाइव्ज मॉडेल’ची मांडणी अशी, की गुन्हा करणाऱ्यालाही कामातले प्रावीण्य, स्वायत्तता, जिव्हाळ्याची नाती अशा सर्वांना हव्या असणाऱ्या गोष्टीच हव्या असतात, चुकतो तो त्या मिळवण्याचा मार्ग, म्हणून केवळ धोका कमी करण्यावर न थांबता त्या योग्य मार्गाने मिळवण्याची क्षमता वाढवावी. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरची, कैद्यांना तुरुंगाच्या भिंतींविना ठेवणारी खुली वसाहत आठवली, की हा विचार मला तरी परका वाटत नाही.

अडचण माझीच आहे. पहिल्याच भेटीत मी त्या बांधणी करणाऱ्या गृहस्थांना ‘तुमच्यात कोणते गुण आहेत?’ असे सरळ विचारले आणि ते मान खाली घालून दोरा गुंडाळत राहिले.

परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, समुपदेशक किंवा तुरुंगात शिकवलेल्यांपैकी कोणी सांगू शकेल का, की असे संभाषण कसे सुरू करावे आणि गुणांवर भर देताना गुन्ह्याची जबाबदारी झाकली जाऊ नये याची काळजी कशी घ्यावी? त्यांनी मुलांना बांधणी शिकवावी असे माझ्या मनात आहे. ते घाईचे ठरेल का?