मदत हवी आहे: पणजोबांची नोंद कुठे मिळेल? (बडोदा, अर्जंट)

घाईत_आहे: नमस्कार मंडळी. पणजोबा सरकारी नोकरीत होते, त्यांची नोंद हवीये. पुण्याहून रजा टाकून आलोय, काल एका ऑफिसात दोन तास उभं राहिल्यावर खिडकीवरचा माणूस म्हणतो ‘साल कहो, खातुं कहो’ आणि पुढचा नंबर. परवा सकाळची गाडी आहे. कोणी सांगेल का नक्की कुठे जायचं?

रावपुरा_रोड: कुठलं सरकार? नाव गाव साल काहीच नाही. कॅम्पात, म्हणजे छावणीत, इंग्रजांचीही माणसं होती.

घाईत_आहे: गायकवाडीच की. बडोदा म्हटल्यावर अजून कोणतं.

गोदाकाठ: ऑफिसं सोडा, त्र्यंबकला जा. तिथले तीर्थोपाध्याय यात्रेकरूंच्या वह्या ठेवतात, त्यात आजोबांची सही सापडली मला, शाई अजून निळी. गाव नि आडनाव सांगितलं की पानच उघडतात.

विदर्भी: कुणबी दाखल्यासाठी हवंय ना? मग वडिलांच्या बाजूचंच बघा, आईकडचं चालत नाही.

घाईत_आहे: दाखल्यासाठी नाहीये हो. आणि आईकडचेच पणजोबा आहेत. आजी म्हणायची अमरेलीला मास्तर होते.

सुलतानपुरेकर: हे आधी सांगायचं ना राव! सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण आधी १८९३ ला अमरेलीकडेच करून बघितलं, मग १९०६ ला सगळ्या संस्थानात, म्हणजे मास्तर लागलेच असणार. कोठीत राज्य अभिलेखागाराचं दफ्तर आहे, तिथे विद्याधिकारी कचेरीचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, कागद मागा. नुसतं ‘सरकारी नोकरी’ म्हणालात तर कोणीही हाकलेल. आधारची झेरॉक्स न्या.

मोडीप्रेमी: आधी मोडी शिका. आणि जुन्या कागदात शुहूर सन (जुनी कालगणना) असतो, त्यात ५९९-६०० मिळवा की इसवी सन येतो.

सुलतानपुरेकर: काय मोडी नि काय शुहूर, अमरेलीच्या शाळेचे कागद गुजरातीत नि विक्रम संवतात असणार. ५६-५७ वजा करा, झालं. परवाच्या गाडीआधी मोडी शिकणार का हा?

मोडीप्रेमी: मी दीड महिन्यात शिकलो.

रावपुरा_रोड: साल तरी अंदाजे सांगा. घरात काहीच नाही का, पेन्शनबिन्शन?

घाईत_आहे: एक कागद आहे आईच्या ट्रंकेत, वर अर्धा शिक्का, घडीवर फाटलेला, खाली दीड ओळ मोडीत. वाचता येत नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

मोडीप्रेमी: 😂 बघा!!

सुलतानपुरेकर: अहो तोच कागद हवा!! त्यावर नंबर असेल, खातं असेल. मोडी का आहे ते मला कळेना पण असो. फोटो टाका, शिक्का दिसेल असा, मोबाईलचा फ्लॅश बंद करून.

विदर्भी: लीलो चिवडो चांगला कुठे मिळतो सांगा कोणी, मेव्हणा येतोय तिकडे.

रावपुरा_रोड: वेगळा धागा काढा.

घाईत_आहे: आईला फोन केला. ट्रंकेची किल्ली मावशीकडे, ती सुरतेला. गाडी एक दिवस पुढे ढकलतोय, सुरतेहून सकाळी किती वाजता परत येता येईल?