स्वदेशी कार-टी: पैसा योग्य जागी लागतोय का?

पाणवठा:
आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेलं नेक्सकार19 हे रक्ताच्या कॅन्सरवरचं कार-टी औषध ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झालं, एप्रिल 2024 ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पणही झालं. अभिमान मलाही आहे. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, कॅन्सर झालेल्या बी-पेशींवरचं (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचं) सीडी19 हे प्रथिन त्यांना ओळखता येईल असं जनुक त्यांच्यात बसवायचं आणि परत सलाईनमधून सोडायच्या. खर्च तीस लाखांच्या वर. अमेरिकेत 2017 मध्ये किमराया हे कार-टी औषध आलं ते 4,75,000 डॉलरला, त्यापुढे हे स्वस्तच म्हणायचं.

माझ्या पुतण्याला एएलएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, झाला होता. केमोचा गुण येत होता. पण पांढऱ्या पेशी उतरल्या, ताप चढला आणि जिल्ह्याच्या गावी रात्री रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घ्यायला कोणी नव्हतं. तो वाचला, शेजारच्या खाटेवरची मुलगी गेली. तिला वेळेवर अँटिबायोटिक मिळायला हवं होतं, बाकी काही नाही. सरकारी पैसा आधी तिथे का नको?

पेशीवेडा:
वाईट वाटलं वाचून. पण हिशोब पटला नाही. केमोनंतर आजार उलटला की त्या माणसाला तुमचं अँटिबायोटिक किती दिवस पुरणार? ग्लिव्हेक ही रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी आठवा. मूळ कंपनीच्या गोळ्या तेव्हा महिन्याला लाखाच्या वर, इथल्या जेनेरिक दहा हजारांच्या आत. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं आणि त्या जेनेरिक टिकल्या. इथे बनवता येत होतं म्हणूनच ना?

आणि संशोधन एका खोलीत कोंडून राहत नाही. 2012 मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या मुलीला कार-टी दिली, तर सायटोकाइनचं वादळ उठून, म्हणजे प्रतिकारशक्तीच अंगावर उलटून, ती मरणाच्या दारात गेली. संधिवातावरच्या टॉसिलिझुमॅब या इंजेक्शनने वाचली. 2021 ला कोविडमध्ये आपण याच इंजेक्शनसाठी वणवण फिरलो होतो.

पाणवठा:
ग्लिव्हेकचं उदाहरण इथे चालत नाही. गोळ्या एकदा जमल्या की लाखांनी पाडता येतात. कार-टीत प्रत्येक रुग्णाची बॅच वेगळी. शिवाय 2023 ची मंजुरी 15 वर्षं आणि पुढच्यांसाठी. शेजारच्या खाटेवरची ती मुलगी सात वर्षांची होती.

पेशीवेडा:
वयाचं मान्य. बॅचचं अर्धंच. जनुक पेशीत नेणारा वाहक म्हणजे एचआयव्हीच्याच कुळातला, दात काढलेला लेंटिव्हायरस. महागडा असतो. तो इथे तयार झाला, म्हणूनच किंमत इतकी उतरली.

रात्रपाळी:
हेमॅटोलॉजी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून मध्ये बोलते. तुम्ही दोघं जणू दोन वेगळ्या वस्तूंवर भांडताय. सीडी19 निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे कार-टीनंतर त्याही जातात. अँटिबॉडी घसरतात, काहींना महिनोन् महिने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, द्यावं लागतं. दडून बसलेला हिपॅटायटिस बी किंवा सीएमव्हीसारखा विषाणू डोकं वर काढतो. रात्री दोनला ताप आला तर कल्चर तेव्हाच घ्यावं लागतं, सकाळी नाही. पाणवठा म्हणताहेत तो वॉर्ड नसेल तर तीस लाखांच्या पेशी पाण्यात. पण म्हणून पेशींचं काम थांबवा असं मी म्हणणार नाही. उलटून आलेले पेशंट मीच घरी पाठवलेत, हात हलवत.

पेशीवेडा:
मग वॉर्डाचा खर्च कार-टीच्या किमतीतच धरायला हवा. हे मी धरलं नव्हतं.

पाणवठा:
धरा. आणि तो वॉर्ड टाटाच्या परळ-खारघरच्या बाहेरही दाखवा, मग माझी तक्रार नाही.

रात्रपाळी:
पुतण्या कसा आहे?

पाणवठा:
दहावीला आहे. तपासणीला आता वर्षातून एकदाच बोलावतात.