बेटावर, खाडीपलीकडे जाण्यायेण्याच्या अजब रीती : तुमचे अनुभव टाका

वर्सोवा-मढ बोट बऱ्याच जणांनी केली असेल. बाईक थेट होडीत चढवायची, हँडल धरून उभं राहायचं, काही मिनिटांत पलीकडे, नाहीतर रस्त्याने मालाडला वळसा. आपल्याला यात काही वाटत नाही पण पुण्याचा पाहुणा पार हबकतो. असे नियम-रिवाज सांगा, गुगल केलेलं नको.

–

मार्वे-मनोरी. सकाळच्या बोटीत मासळीच्या पाट्या घेतलेल्या मावश्या आधी चढणार. कुठे लिहिलेलं नाही, पण मध्ये घुसून बघा!!

–

जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी, दरवाज्यापाशी ती इतकी डुलते की खलाशी ओरडतो 'हात नको, दंड द्या' आणि सरळ उचलून पायरीवर ठेवतो. आमच्या आत्याबाईंना पण.

–

मी बोटीवर नोकरीला होतो तेव्हा इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्रातल्या गर्न्सी बेटावरून शेजारच्या सार्क बेटावर गेलेलो. तिथे मोटारगाडीला बंदी, ट्रॅक्टर मात्र चालतो, त्यामुळे ज्याच्यात्याच्याकडे ट्रॅक्टर नाहीतर सायकल. अँब्युलन्ससुद्धा ट्रॅक्टरच ओढतो!

–

लेक एस्टोनियात शिकते. कडक थंडी पडली की हीयुमा बेटाकडे गोठलेल्या समुद्रावरून रस्ता सुरू होतो, 25 किलोमीटरच्या आसपास. आणि सीटबेल्ट लावायचा नाही हा नियम, कारण बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता आलं पाहिजे. वेगाचं तर अजूनच भारी, एकतर 25 च्या खाली नाहीतर 40 च्या वर, मधल्या वेगाने बर्फाखाली लाटा उठतात म्हणे. सूर्य मावळला की रस्ता बंद. मी जन्मभर बेल्ट लाव बेल्ट लाव करत आले, आणि तिथे बसल्या बसल्या तो काढून रामरक्षा म्हणत होते.

–

बाप रे. यापुढे आमचं 'बारा' (Barra) नावाचं बेट (स्कॉटलंड) अगदीच साधं, विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं आणि टाइमटेबल ओहोटी बघून ठरतं.

–

माथेरान चालेल का? दस्तुरी नाक्यापुढे गाडी बंद.

–

@माथेरान, बेट आहे का ते? मग आमचं अलिबागपण घ्या. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद, त्यामुळे पूर्वी सासरचे थेट गणपतीलाच उगवायचे. 2020 ला रोरो (गाड्या नेणारी मोठी बोट) आली, आता जुलैमध्येसुद्धा गाडीसकट येतात.