घर विकायची जाहिरात कशी लिहायची? फोनच येईनात

रमणमळा_९४
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात रमणमळ्यातलं आमचं घर विकायला काढलंय, आईबाबा आता बहिणीकडं पुण्यालाच असतात आणि मला एकट्याला एवढं घर सांभाळणं होईना. एजंट नको म्हणून स्वतःच जाहिरात टाकली पण फोन कोण करंना, आणि जे करतात ते "फायनल किती" एवढंच विचारून ठेवतात. मजकूर असा आहे:

"मोक्याच्या ठिकाणी प्रशस्त, हवेशीर, वास्तुशास्त्रानुसार बांधलेले, सर्व सोयींनी युक्त स्वतंत्र घर सुसंस्कृत कुटुंबास विकणे आहे. शाळा, बाजार, हॉस्पिटल जवळ. किंमत समक्ष."

फोटो तीन टाकलेत. यात काय बदलू?

टाकाळा_खण
भावा राग मानू नको पण ही जाहिरात कोल्हापुरातल्या कुठल्याबी घराला चिकटवली तरी चालंल. मिसळीच्या पाटीवर "स्वादिष्ट" लिहिल्यागत झालंय, लिहीत कोण नाही? प्रशस्त म्हणजे किती ते सांग की. जागा किती गुंठे, बांधकाम किती स्क्वेअर फूट, कुठल्या साली बांधलं, खाली काय वर काय, तोंड कुठल्या दिशेला, चारचाकी आत लागते का गल्लीत लावायला लागते. आणि ते "सुसंस्कृत कुटुंबास" पहिलं काढ, घर विकायलाईस का पोरगी द्यायलाईस 😄

रमणमळा_९४
😂 काढतो. जागा सव्वा गुंठा, म्हणजे 1361 स्क्वेअर फूट. बाबांनी 1994 ला बांधलं. खाली हॉल, किचन, एक बेडरूम, वर दोन खोल्या आणि पुढं गच्ची. बोअर आहे. गाडी आत लागते पण अल्टो-वॅगनआर एवढीच, मोठी घातली तर दार उघडून उतरता येत नाही.

शाहूपुरी_वहिनी
हे शेवटचं वाक्य आहे ना दादा, तेच जाहिरातीत लिहा. आम्ही गेल्या वर्षी घर घेतलं, त्याआधी कितीतरी घरं बघत फिरलो, आणि निम्म्या ठिकाणी दारातनंच परत यावं लागायचं कारण लिहिलेलं एक आणि समोर दिसायचं दुसरंच. "थ्री बीएचके" म्हणून गेलो तर तिसरी बेडरूम म्हणजे बाल्कनीला काचा लावलेल्या! आम्ही जे घर घेतलं त्याच्या जाहिरातीत चक्क लिहिलं होतं की मागच्या खोलीत पावसाळ्यात भिंतीला ओल येते. मिस्टर म्हणाले हा माणूस खरं बोलतोय, चल बघून येऊ.

आणि किचनमधलं लिहाच. ओटा किती लांब, खिडकी कुठं, भांडी घासायला मागं मोरी आहे का, गॅसची टाकी कुठं ठेवता. बायका आधी तेच बघतात, पुरुष गच्चीवर जाऊन व्ह्यू बघत बसतात.

जोतं_आणि_विटा
सगळे गोड बोलायलेत पण मुद्द्याचं कोण विचारंना. रमणमळा म्हटलं की गिऱ्हाईक पहिलं पुराचं विचारणार. 2019 आणि 2021 ला तुमच्यात पाणी कुठवर आलं होतं?

रमणमळा_९४
2019 ला गेटपर्यंत, 2021 ला पहिल्या पायरीला लागलं. घरात नाही आलं, जोतं अडीच फूट उचललेलं आहे. पण हे जाहिरातीत कशाला घालू, लोक वाचूनच पळतील की.

जोतं_आणि_विटा
पळणारे पळू देत. पंचगंगेनं 43 फुटाची धोका पातळी ओलांडली की सगळं गाव राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे आकडे बघत बसतं, आणि तुम्हाला वाटतंय घेणाऱ्याला रमणमळा माहीत नाही? तुम्ही गप्प बसला तर शेजारचा सांगणार, आणि तो वाढवूनच सांगणार. त्यापेक्षा "पाणी पायरीपर्यंत आलं, घरात नाही" हे स्वतः लिहा आणि पायरीचा फोटो टाका. घर पूररेषेत येतं का नाही ते महापालिकेत नगररचनाला विचारून ठेवा, निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची आणि लाल 100 वर्षांच्या. घेणारा पुढं बांधकाम वाढवायच्या विचारात असला तर निळी बघणारच.

टाकाळा_खण
मला हे नाही पटत. पूर पहिल्याच ओळीत मांडायची काय गरज? आधी घर दाखवा, मग चार ओळींनी खाली लिहा. लपवू नका म्हणतो मीबी, पण दारातच रडगाणं नको.

जोतं_आणि_विटा
खाली लिहा की, मी कुठं हेडिंगला टाका म्हटलंय.

बिंदू_चौक_बेंच
किंमत लिहा बुवा. "समक्ष" वाचलं की मी पुढं सरकतो. आणि 50 लाख किंवा वर गेलं तर घेणाऱ्याला 1 टक्का टीडीएस (म्हणजे आयकर) किमतीतनं कापून भरावा लागतो, ते बोलणीच्या वेळीच ठरवा, नंतर कुरकुर नको. प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं, कर्जबोजा आहे का, हे एका ओळीत टाकलं की रिकामे फोन निम्मे कमी होतात. फोटो सकाळी काढा, दोरीवरचे कपडे काढून.

रमणमळा_९४
बरं, हे बघा:

"रमणमळा, सव्वा गुंठ्यावर 1994 चं दुमजली घर, मालक स्वतः विकायलेत. खाली हॉल, किचन, बेडरूम, वर दोन खोल्या आणि गच्ची. किचनला पूर्वेची खिडकी, मागं मोरी. बोअर आहे. आत लहान चारचाकी लागते, मोठी गल्लीत. जोतं अडीच फूट. 2021 च्या पुरात पाणी पायरीपर्यंत, घरात नाही. प्रॉपर्टी कार्ड वडिलांच्या नावावर, बोजा नाही."

किंमत बाबांशी बोलून टाकतो.

शाहूपुरी_वहिनी
आता वाचून घर दिसलं. गच्चीवरनं काय दिसतं तेही टाका की एक वाक्य.

रमणमळा_९४
शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते वहिनी 😅

टाकाळा_खण
मग ऱ्हाऊ दे.