विषय: पुलाखालच्या सायकल मार्गावर खिळे – सायकल चालवणाऱ्यांनी कृपया वाचा

सोमवार, सकाळी ९:४० | प्रेषक: एक सदस्य, सायकल गट

नमस्कार मंडळी,

आज सकाळी लेकीला मागच्या सीटवर बसवून शाळेत सोडायला निघाले होते. पुलाखालचा उतार संपतो तिथे पुढचं चाक अचानक बसलं. हँडल आवरेना आणि आम्ही दोघी कडेच्या गवतात पडलो. हेल्मेटमुळे तिला काही लागलं नाही, माझा तळवा सोलवटला. उठून टायर पाहिला तर त्यात तीन चुका रुतलेल्या. सुतार वापरतात त्या, चपट्या डोक्याच्या, अगदी नव्या. मागे वळून पाहिलं तर चाळीसेक पावलांपर्यंत तशाच विखुरलेल्या होत्या. शेजारून गाड्या जातात त्या रस्त्यावर मात्र एकही नाही.

दोन आठवड्यांत हे माझं तिसरं पंक्चर. पहिली दोन मी नशिबावर ढकलली, आज तसं करवत नाही. दिसल्या तेवढ्या चुका वेचून कचऱ्यात टाकल्या आणि सायकल ढकलत शाळेपर्यंत चालत गेले. लेक वाटभर विचारत होती, “आई, आपण कुणाचं काय केलं?” मला उत्तर देता आलं नाही.

त्या पट्ट्यात आणखी कुणाचे टायर बसले आहेत का? आणि अशा वेळी करायचं काय असतं?

सोमवार, दुपारी १२:१५ | प्रेषक: एक सदस्य

ताई, दोघी ठीक आहात हे वाचून जीव भांड्यात पडला.

एक सांगावंसं वाटतं. कुणीतरी मुद्दामच टाकलं असं लगेच धरून चालू नये. छपरांची कामं करणाऱ्यांच्या ट्रकमधून खिळ्यांचा खोका सांडतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. शिवाय गाड्यांची चाकं स्वतःची लेन आपोआप झाडत असतात. काच, खडी, स्क्रू, सगळं हळूहळू कडेला सरकतं, आणि कडेलाच आपला सायकल मार्ग असतो. म्हणून गाड्यांच्या रस्त्यावर काही दिसलं नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही.

तोवर थोडे दिवस दुसऱ्या रस्त्याने जावं. लहान मूल बरोबर असताना धोका कशाला पत्करायचा?

सोमवार, रात्री १०:५० | प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य, सायकल गट

चि. ताईस आणि सर्वांस,

चाळीस वर्षं सायकल चालवतो आहे आणि आजवर किती पंक्चर काढली त्याची मोजदाद नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादांचा मुद्दा बरोबर आहे. कडेला आपसूक कचरा साठतोच. पण सांडलेला माल आणि टाकलेला माल यांत फरक ओळखता येतो. खोका सांडला तर एका जागी ढीग पडतो, आणि पुढे गाडीच्या दिशेने तो विरळ होत जातो. गाड्यांच्या लेनमध्येही थोडा उरतो, काही खिळे चाकाखाली वाकतात, चपटे होतात. बांधकामाच्या कचऱ्यात सगळं मिसळलेलं असतं: जुने गंजके खिळे, स्क्रू, तारेचे तुकडे. ताईंना दिसल्या त्या एकाच जातीच्या, एकाच मापाच्या, कोऱ्या, न वाकलेल्या, आणि फक्त सायकलींच्या पट्ट्यात, चाळीसेक पावलांपर्यंत. त्यातही उताराच्या तळाशी, जिथे वेग सर्वांत जास्त आणि सावलीमुळे जमीन नीट दिसत नाही. साफ केल्यावर तिथेच पुन्हा पडल्या, तर मग शंकेला जागा उरत नाही.

चूक इतकी का टोचते? तिचं डोकं रुंद आणि पाय आखूड. त्यामुळे पडताना ती पुष्कळदा डोक्यावर बसते आणि टोक वर राहतं. रानातला सराटा तसाच, कसाही पडला तरी एक काटा आकाशाकडे. आडवी पडलेली चूकही सोडत नाही, पुढचं चाक तिला उडवून उभी करतं आणि ती मागच्या चाकात शिरते. म्हणूनच मागचं चाक जास्त वेळा पंक्चर होतं.

आता पडण्याबद्दल. पुढच्या चाकातली हवा एकदम गेली तर पहिला मोह पुढचा ब्रेक दाबण्याचा होतो. तो आवरायचा. वळायचंही नाही. अंग मागे घ्यायचं, हँडल सरळ घट्ट धरायचं, मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करायचा आणि पूर्ण थांबल्यावरच कडेला यायचं. ताई, तुमचं काही चुकलं असं म्हणत नाही. उतारावर, मागे मूल असताना एवढा विचार करायला सेकंदही मिळत नाही. पण एकदा सपाट मैदानात नुसता मागचा ब्रेक धरून थांबायचा सराव केला की हात आपोआप तसे वागतात.

पंक्चर काढताना आपल्या गटातले बरेच जण एक गोष्ट विसरतात. ट्यूब बदलतात, पण टायर तपासत नाहीत. चूक टायरमध्येच राहते आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत बसते. म्हणून ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरासमोर आहे ते पाहून ठेवा. ट्यूबवर भोक सापडलं की ती टायरशेजारी तशीच धरायची, म्हणजे टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. टायरच्या आतून बोटं फिरवू नका, जाड फडकं फिरवा. धागा अडकेल तिथे टोक असतं.

भोकाची जागाही बरंच सांगते. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काहीतरी टोचलं आहे. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. आतल्या अंगाला भोक असेल तर रिमची पट्टी सरकून आऱ्याचं टोक लागलं आहे. टाकलेल्या चुकांनी झालेल्या पंक्चरांची यादी करायची तर तिच्यात फक्त पहिला प्रकार धरायचा, नाहीतर आपल्याच निष्काळजीपणाचं खापर भलत्यावर फुटेल.

पॅच लावताना घाई नको. पॉलिश पेपरने ट्यूब घासायची, सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा मोठ्या जागेवर लावायचा आणि पाच मिनिटं वाट पाहायची. ओलं असताना लावलेला पॅच टिकत नाही. सोल्युशनची चमक जाऊन ते चिकट झालं की पॅच ठेवून मधून कडेकडे दाबत जायचं. भोक सापडत नसेल तर घमेल्यातलं पाणी आहेच.

आणि हो, जाड पट्टीचे पंक्चररोधक टायर काच अडवतात, काटा अडवतात, पण १५ मिलिमीटरची चूक सरळ उभी सापडली तर तीही आत जाते. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमधलं सीलंट, म्हणजे आत भरलेलं चिकट द्रव, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवतं, म्हणून रोज त्या वाटेने जाणाऱ्याला ते उपयोगी आहे. फक्त ते काही महिन्यांत आतल्या आत सुकतं. तपासून भर घालावी लागते.

दादा, दुसऱ्या रस्त्याने जा हा सल्ला काळजीपोटी दिला आहेत, हे कळतं. पण तो दुसरा रस्ता म्हणजे भरधाव गाड्यांचा रस्ता. चुका टाकणाऱ्याला हवं आहे तेही हेच, की आपण या मार्गावरून नाहीसं व्हावं.

मंगळवार, सकाळी ७:०५ | प्रेषक: एक सदस्य, सायकल गट

काका, वाचून रात्रभर झोप लागली नाही. त्याच जागी मागच्या महिन्यात माझे दोन टायर गेले आहेत, मी कुणाला बोललो नाही. पोलीस दोन पंक्चरसाठी कशाला येतील? मी म्हणतो, पुलाखाली आपणच कॅमेरा लावू. सापडला की फोटो सगळीकडे टाकू. त्या वळणावर राहणारे एक गृहस्थ सायकलवाल्यांवर कायम ओरडतात, माझा संशय त्यांच्यावरच आहे.

मंगळवार, सकाळी ८:३० | प्रेषक: कार्यकारिणी सचिव

सर्वांना विनंती: या मेल-यादीवर कुणाही व्यक्तीवर संशय घेणारं काही लिहू नये. ओरडणं म्हणजे खिळे टाकणं नव्हे. आपला अंदाज चुकला तर एका निरपराध माणसाचं आयुष्य आपण नासवू. सार्वजनिक जागी परस्पर कॅमेरा लावण्याने आपणच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. आणि कुणी टाकताना दिसलंच तर अंगावर जाऊ नका. लांबून वेळ, कपडे, वाहनाचा नंबर लक्षात ठेवा आणि पोलिसांना फोन करा.

एक गोष्ट वेगळी आणि तातडीची. मार्गावर आडवी बांधलेली दोरी किंवा तार दिसली तर तो पंक्चरचा प्रश्न राहत नाही, गळ्याशी येणारी तार जीव घेते. तिथेच थांबा, मागून येणाऱ्यांना थांबवा आणि थेट आपत्कालीन नंबर लावा. पंक्चरची यादी, मेल, सगळं नंतर.

मंगळवार, रात्री ९:२० | प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य, सायकल गट

सचिवांशी पूर्ण सहमत. सकाळी लिहिणाऱ्या आमच्या पुतण्याला मात्र एवढंच सांगतो, की “दोन पंक्चर” म्हणून गेलास तर खरंच कुणी दखल घेणार नाही. तुझी दोन, ताईंची तीन, आणि आज मला फोनवर आणखी चौघांनी सांगितलेली सहा, अशी अकरा एका कागदावर तारखेसकट मांडली की तो वेगळा गुन्हा दिसू लागतो.

हा प्रकार नवा नाही आणि किरकोळही नाही. १९०५ च्या टूर द फ्रान्समध्ये पॅरिस ते नान्सी या पहिल्याच टप्प्यावर रस्त्यात खिळे पसरले होते. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या एटाप कॅलेडोनिया या हौशी सायकलस्वारांच्या मोहिमेच्या वाटेवर चुका टाकल्या आणि शेकडो जणांची चाकं बसली. २०१२ च्या टूरमध्ये म्यूर द पेगेर या घाटाच्या माथ्यावर हेच झालं. आदल्या वर्षीच्या विजेत्याचं, कॅडेल इव्हान्सचं, चाक पुन्हा पुन्हा पंक्चर झालं, आणि उतारावर एका स्वाराचं गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हा पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेल्या ब्रॅडली विगिन्सने सगळ्या जथ्याचा वेग कमी करायला लावला, मागे राहिलेले येईपर्यंत. शर्यतीत, जिथे सेकंदासेकंदाला किंमत असते, तिथे लोक थांबले. मी ते टीव्हीवर पाहत होतो. आजही आठवलं की बरं वाटतं.

तर नोंद अशी करू. चूक दिसली की उचलण्याआधी फोटो: एक जवळून, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे माप कळेल, एक लांबून, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर दिसेल असा. तारीख, वेळ, किती सापडल्या, गाड्यांच्या लेनमध्ये होत्या का. मग चिमट्याने किंवा हातमोजा घालून कागदी पाकिटात भरा, उघड्या हाताने नको, आणि पाकिटावर जागा लिहा. ताई, कचऱ्यात टाकलेल्या गेल्या, त्याची हळहळ नको. त्या वेळी मूल सांभाळायचं होतं.

उरलेल्या उचलायला लांब दांड्याचं चुंबक घ्या. एक मात्र ध्यानात ठेवा: सोनेरी दिसणारी चूक बहुधा पितळी मुलाम्याची लोखंडी असते आणि ती चिकटते. निव्वळ पितळेची चिकटत नाही, काचही नाही. म्हणून चुंबक फिरवल्यावर झाडू मारायचाच. त्या वाटेवरून बाळगाड्या जातात, चाकाची खुर्ची जाते, कुत्र्यांचे पंजे जातात. सायकलींपुरतं हे नाही, आणि तक्रारीत तसं स्पष्ट लिहायचं.

तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:१० | प्रेषक: एक सदस्य, सायकल गट

मंडळी,

नोंदवहीत आता तेवीस नोंदी आहेत. काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन चिमटलेल्या आणि एक आऱ्याचं, अशी तीन पंक्चर आपण वगळली, उरली वीस. ती तारखेप्रमाणे मांडल्यावर जे दिसलं ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं: वीसपैकी सतरा बुधवारी किंवा गुरुवारी सकाळची, आणि सगळी दोन खांबांच्या मधली. म्हणजे मंगळवारच्या आणि बुधवारच्या रात्री.

तो कागद आणि पाकिटं घेऊन मी आणि आपले शंका घेणारे दादा, दोघं पोलिसांकडे गेलो. दादांनी स्वतःहून सांगितलं की आपल्याला हे आधी पटत नव्हतं आणि आता का पटतं. मला वाटतं त्याचाच उपयोग झाला. रीतसर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक सचिवांकडे आहे. यापुढे कुणालाही चूक सापडली तर त्याच क्रमांकाखाली कळवायचं, वेगळी तक्रार करायची नाही. रस्ते विभागाने त्या दोन दिवशी पहाटे झाडू-गाडी पाठवायला सुरुवात केली आहे आणि पुलाखालचा बंद पडलेला दिवा लागला आहे.

कोण टाकतं ते अजून कळलेलं नाही. या गुरुवारीही सात सापडल्या.

लेकीला सुरुवातीचे चार दिवस मी बसने नेलं. पाचव्या दिवशी तिनेच हेल्मेट घातलं आणि दारात उभी राहिली. तेव्हापासून आम्ही सहा-सात जण मिळून जातो. पुढचा माणूस उतारावर हळू उतरतो आणि जमीन बघतो, काही दिसलं तर हात वर करतो, मागचे सगळे थांबतात. मुलं मधे असतात.

उद्या सकाळी पुढे मी आहे, साडेसातला पुलाच्या अलीकडच्या टोकाशी. चुंबक आणि पाकिटं माझ्याकडे आहेत. काकांकडचा मोठा झाडू कुणीतरी येताना घेऊन यावा. ज्यांना मागच्या ब्रेकचा सराव करायचा आहे त्यांनी पंधरा मिनिटं आधी मैदानात यावं, काका तिथे असतील.